चाळीस पावलं

मंगळवार, रात्री साडेदहा

मनूचा डबा ओट्यावरच राहिला. डबा घेऊन खाली आले तेव्हा तिची रिक्षा कोपऱ्यावर दुधाच्या टेम्पोमागे अडकलेली होती. फाटकापासून जेमतेम चाळीस पावलं. मी भराभर निघाले, दोन पावलं टाकली आणि थांबले. "काका, ओ काका" अशा हाका मारल्या, पण इंजिनाच्या आवाजात त्या कुठल्या पोचतायत. तेवढ्यात ओमनं हातातून डबा घेतला आणि चपला फटफटवत ओल्या रस्त्यावरून सुसाट पळाला.

गुडघा दुखला नव्हता. हे इथे लिहून ठेवते, कारण सकाळपासून मी सगळ्यांना वेगळंच सांगतेय. दुखलं काहीच नाही आणि तरी मी थांबले.

आई वरून बघत होती. जेवतानाही त्यावर काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला कळतं, पण ते आत्ता नको.

गुडघा दुखावला त्याला तेरा आठवडे झाले. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट पळत चढताना मला कधीच काही झालं नाही, झालं ते उतरताना. चढाला दम लागतो, उताराला सगळा भार गुडघ्यावर येतो, हे मीच नव्या मुलींना सांगत आलेय. त्या दिवशी सांबरवाडीच्या बाजूनं खाली येताना एका वळणावर उजवा पाय किंचित आत वळला. आवाज नाही, पडणं नाही. संध्याकाळपर्यंत गुडघा फुगून वाटी दिसेनाशी झाली. एमआरआयमध्ये आतल्या बाजूच्या मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला, ग्रेड 2 इजा. फाटलेला नाही, ऑपरेशन नको, व्यायाम करा. सगळे म्हणाले, सुटलीस. मी पण म्हणाले. मग रोज पहाटे पाचला जाग यायची. गादीवर पडून खालून जाणाऱ्या आमच्या पळायच्या ग्रुपच्या बुटांचे आवाज ऐकायचे, त्यातला कुठला कुणाचा ते ओळखायचं आणि उशीत तोंड खुपसून रडायचं. पहिले काही दिवस गल्लीच्या तोंडाशी ते जरा हळू व्हायचे. आता होत नाहीत. का व्हावेत?

पण आज मनात सलतंय ते हे नाही.

फिजिओ मॅडमनी मला धावायला सांगून नऊ दिवस झालेत. सपाट जमिनीवर, एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. दुसऱ्या दिवशी सूज आली नाही तर एक दिवस सोडून पुन्हा. कागदावर लिहून दिलंय. तो कागद देव्हाऱ्याखालच्या खणात आहे आणि घरी, ग्रुपवर, ताईला, सगळ्यांना मी सांगितलंय की अजून परवानगी नाही. नऊ दिवस खोटं बोलतेय. गुडघ्याच्या नावावर खपून जातं, कुणी उलटून विचारत नाही.

कशाची भीती आहे, हे दिवसभर शोधत राहिले. दुखण्याची म्हणावी तर नाही. प्रसूती काढलीय, दुखणं माहीत आहे. भीती त्या एका क्षणाची आहे, पाय खाली टेकतो आणि तो धरेल की नाही हे कळत नाही, त्याची. वीस वर्षं त्या क्षणाचा विचारही मनात आला नव्हता. श्वास घेताना कोण विचार करतं?

मॅडमनी पहिल्या आठवड्यात टेप लावून मांडी मोजली होती, वाटीच्या वर पंधरा सेंटिमीटरवर. डावी 46, उजवी 44. गुडघ्यात पाणी साचलं की शरीर मांडीच्या पुढच्या स्नायूला आपोआप आवरतं घेतं, म्हणाल्या. आणि पाणी ओसरलं तरी तो स्नायू लगेच जागा होत नाही, त्याला उठवावं लागतं. म्हणून तो गुंडाळलेला टॉवेल गुडघ्याखाली ठेवून दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचा. सुरुवातीला मी जीव तोडून दाबायची आणि वाटीच्या वर आतल्या बाजूचा तो स्नायू नुसता लोळागोळा पडलेला असायचा. हात लावून बघायची, आपलाच पाय परक्याचा वाटायचा. चौथ्या दिवशी तो बोटाखाली किंचित थरथरला. मी आईला हाक मारून दाखवला.

आता उजवी 45.5 आहे. म्हणजे स्नायू आला परत. बाकीचं माझं अजून तिथेच आवरतं घेऊन बसलंय. सकाळी फाटकाशी थांबले ती मी ठरवून थांबले नव्हते. हे लिहिताना जरा हलकं वाटतंय. दिवसभर स्वतःला भित्री म्हणत होते. तो स्नायू लोळागोळा पडला होता तेव्हा त्याला काही मी भित्रा म्हटलं नव्हतं.

दुपारी ललिता बाबरची रिओ ऑलिंपिकची शर्यत पुन्हा काढून पाहिली. आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावची. 2016, तीन हजार मीटर स्टीपलचेस, प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंद. त्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्यातल्या उड्या असतात. म्हणजे पस्तीस वेळा एका पायावर उतरायचं. एरवी मी तिचा वेग बघते. आज फक्त तिचे पाय जमिनीला टेकताना बघत होते, थांबवून थांबवून.

संध्याकाळी मनू आल्या आल्या म्हणाली, सगळ्या पोळीला लोणचं लागलं, ओमदादानं डबा आडवा धरला होता. मग म्हणाली, तू का नाही आलीस?

पावसामुळे, असं तोंडावर आलं होतं. म्हटलं, मला पळायची भीती वाटली.

ती बूट काढत होती. "मग चालत यायचं. टेम्पो केवढा वेळ हलतच नव्हता."

कागद खणातून काढून फ्रिजवर लावलाय. आईनं पाणी घेताना वाचला बहुतेक. सप्टेंबरच्या हिल मॅरेथॉनचं यंदा नाही जमणार, ते ताईला उद्या कळवते. घाटाचं नाव आत्ता नको. बुटांवर कासच्या पठाराची लाल माती तशीच वाळून बसली होती, ती मघाशी बाल्कनीत जुन्या ब्रशनं झाडली. नाड्या धुवून घातल्यात, पावसाळी हवेत सकाळपर्यंत वाळतील असं वाटत नाही. ओल्याच बांधीन. शाळेचं मैदान सहाला उघडतं. एक मिनिट.