पाच मिलिलिटर पाणी

मडगाव, १२ जुलै

सकाळपासून पाऊस धरलाय, हवा दमट. व्हिस्की चाखायला बसण्याआधी छताचा पंखा बंद केला. आपल्याकडे हे हमखास विसरतं: पंख्याच्या वाऱ्याने ग्लासाच्या तोंडावर जमणारा वास पसरून जातो आणि नाकाला फक्त अल्कोहोलचा झटका उरतो. एसी २४ वर, बाटली तासभर आधीच त्या खोलीत. गोव्याच्या उघड्या हवेत, ३० अंशांना, साठ टक्के अल्कोहोलची व्हिस्की नुसती वाफाळते. फ्रीजमध्ये मात्र घालू नये, थंडीने वास मिटतो. बर्फाचंही तेच.

बाटली अबरलावर आबुनाची. स्कॉटलंडच्या स्पेसाइडची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आलेल्या बार्लीची व्हिस्की; ओलोरोसो या स्पॅनिश शेरी वाइनच्या पिंपांत मुरलेली, थंड करून न गाळलेली. पिंपातून निघते त्याच ताकदीने, म्हणजे कास्क स्ट्रेंग्थला भरतात, म्हणून दर बॅचचा आकडा थोडा वेगळा. हिशेबाला ६० टक्के धरले. ट्युलिपच्या आकाराच्या ग्लासात २५ मिलि, त्याहून जास्त नको.

आधी नाक. ग्लास हनुवटीशी, तोंड किंचित उघडं, आणि तिथूनच हळूहळू वर. ग्लासात नाक खुपसलं की पहिल्याच श्वासाला ते बधिर होतं आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात. गरगर फिरवायचंही कारण नाही, या ताकदीला ढवळलं की अल्कोहोलच आधी उसळतो. सुकं अंजीर, मनुका, संत्र्याची साल, लवंग. मागून माडाच्या गुळाचा काळपट, किंचित धुरकट गोडवा येतो, आणि तो फार सुंदर आहे. ओलोरोसो स्वतः कोरडी शेरी. हा गोडवा साखरेचा नाही, वासाचा आहे.

शेरीच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीला विझलेल्या काडीचा किंवा रबराचा वास आला तर तो गंधकाचा. पिंप नासू नये म्हणून आत गंधकाची कांडी जाळतात, त्याचा अंश राहतो. हलका असेल तर ग्लास पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवला की निवतो. दाट असेल तर पाण्यानेही सुटत नाही. या ग्लासात तो नाही.

पहिला घोट अगदी छोटा, फक्त जीभ भिजवण्यापुरता; त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट खरा. जळजळ होते ती का, हे समजून घेण्यासारखं आहे: मिरचीचा तिखटपणा जिभेवरच्या ज्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतो, त्यालाच अल्कोहोल इतका हळवा करतो की तोंडातली नेहमीची उबही त्याला भाजल्यासारखी लागते. म्हणून रेशादच्या, म्हणजे गोव्याच्या तिखट लाल मसाल्याच्या बांगड्यांवर ताव मारून वर कास्क स्ट्रेंग्थ घेतली तर चव कळणारच नाही. आधी चाखणं, मग जेवण.

आता पाणी, आणि इथे घाई नको. औषधाच्या दुकानात बिनसुईची ५ मिलिची सिरिंज मिळते, तीच वापरावी. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो. बाटलीचं, कमी क्षारांचं पाणी बरं. २५ मिलिमध्ये सव्वादोन मिलि घातलं की ५५ टक्के, ५ मिलि घातलं की ५०, साडेबारा घातलं की ४०. पाणी पडताच ग्लासात तेलकट दोऱ्या वळवळतात आणि विरतात. उजेडाकडे धरून बघावं, देखणं असतं. दोन मिनिटं थांबून मगच वास घ्यावा. स्वीडनच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं की ४५ टक्क्यांपर्यंत ग्वायकोलसारखे (व्हिस्कीला धुरकट वास देणारे) रेणू पृष्ठभागाशी राहतात आणि ५९ च्या वर आत ओढले जातात. नाकाचा अनुभवही त्याच दिशेचा.

५५ ला संत्र्याची साल मोकळी झाली. ५० ला आलं, कोको आणि अक्रोडाचं साल. माझ्या मते ही व्हिस्की इथेच प्यावी. ४५ च्या खाली गेल्यावर किंचित गढूळ होते, तो दोष नव्हे: न गाळलेले मेदाम्लांचे एस्टर, म्हणजे तेलकट संयुगं, बाहेर येतात. पण ४० ला फळं विरळ होतात आणि पिंपाच्या ओक लाकडाचा तुरटपणा तेवढा मागे राहतो. एकदा घातलेलं पाणी काढता येत नाही, म्हणून थेंबाथेंबाने.

इथल्या कुंकळ्ळीला पॉल जॉनची माल्ट मुरते, तिच्यालाही हीच रीत चालते, फक्त पाणी आणखी जपून. गोव्याच्या उष्णतेत पिंपातून उडणारा वाटा स्कॉटलंडच्या सालाना दोनेक टक्क्यांच्या कितीतरी पट असतो आणि लाकडाची चव व्हिस्कीत लवकर उतरते. तुरटपणा आधीच पुढे उभा असतो.

बाटली उभीच ठेवावी. वाइनसारखी आडवी ठेवली तर एवढा अल्कोहोल बुचाला खातो, आणि बूच गळ्यातच तुटतं. पावसाळ्यात बंद कपाटात लेबलला बुरशी धरते, ती कोरड्या फडक्याने पुसायची. पाव बाटली उरली की छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवायची, वर बॅचचा नंबर लिहून.