लिफ्टमधलं बहुमत

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पहिला विषय असतो मागील इतिवृत्त कायम करणे, आणि सभा तिथेच अडते. कारण आमचे काका. लिफ्टच्या दुरुस्तीला त्यांची हरकत, रंगाच्या कोटेशनला हरकत, ती हरकत नीट लिहून घेतली नाही म्हणून आणखी एक हरकत. मेंटेनन्स मात्र वेळच्या वेळी भरतात, त्यामुळे थकबाकीदारांच्या यादीतही सापडत नाहीत.

"एकदाचं काढून टाका हो यांना!" असं लिफ्टमध्ये सगळेच म्हणतात. कसं काढायचं, ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३५ मध्ये आहे. त्यासाठी सभा बोलवायची, सभासदाला बाजू मांडू द्यायची, हजर मतदारांपैकी तीन चतुर्थांश मतं मिळवायची. एवढं करून ठराव झालाच, तरी निबंधकांच्या, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय तो नुसता कागद. शिवाय कारण लागतं. उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, सततची थकबाकी आहे, खोटी माहिती देऊन केलेली फसवणूक आहे, फ्लॅटचा गैरवापर आहे. 'डोकं खातात' हे कुठेच नाही.

त्यात उपविधींचं पुस्तक आमच्या इमारतीत अथपासून इतिपर्यंत वाचलेला माणूस एकच, तो म्हणजे काका. नोटीस नियमाइतके दिवस आधी निघाली का, हे तेच मोजणार. बाकी आमचं लिफ्टमधलं बहुमत रविवारी सकाळी कुणाच्या तरी लग्नाला गेलेलं असतं. जे येतात त्यांचाही हात वर जाताना जड होतो. संध्याकाळी जिन्यात काका भेटणारच असतात ना!

तरी मला सभासद काढण्याच्या नियमांची ही कटकट हवीशी वाटते. भिशीतून माणूस काढणं वेगळं. इथे त्याचं घर आहे, गृहकर्ज आहे, आत म्हातारी आई आहे. आणि सोसायट्यांना 'त्रासदायक' कोण कोण वाटतं, हे लिफ्टमध्येच ऐकावं. मासे तळणारे, कुत्रा पाळणारे, एकटी राहणारी बाई. साध्या बहुमतावर भागत असतं तर यांचे ठराव चहा येण्याआधी मंजूर झाले असते.

यंदा सेक्रेटरींनी शक्कल लढवली. काकांनाच समितीवर घ्यायचं, म्हणजे गप्प बसतील. काका लगेच उभे राहिले. जागा रिकामी नसताना मला कुठल्या नियमाने घेता, तेवढं आधी लेखी द्या म्हणाले.