ती पहिली स्लाइड

तिसऱ्या दिवशी सकाळी प्लेट इंक्युबेटरमधून काढली आणि झाकणासकट मायक्रोस्कोपखाली सरकवली. पोषणद्रव्य नसलेलं आगर, म्हणजे जेलीसारखा थर, त्यावर ई. कोलाय जिवाणूंचा पातळ थर आणि मधोमध रुग्णाच्या बुबुळावरून खरवडून काढलेला नमुना. अमीबा जिवाणू खातो, म्हणून त्याच्यासाठी हे ताट वाढून ठेवायचं आणि वाट बघायची. थरातून वाटा निघाल्या होत्या, ओल्या भिंतीवरून गोगलगाय गेल्यासारख्या. एका वाटेच्या टोकाला स्वारी सापडली. कडेला बारीक काटे, आत एक पोकळी फुगतेय, मिटतेय, पुन्हा फुगतेय. अकँथअमीबा, डोळ्यात शिरला की बुबुळाला जखम करणारा!

आधी शंका आली ती प्लेटचीच. शास्त्रज्ञ कॅस्टेलानीला हा प्राणी 1930 साली भेटला तोही यीस्टच्या कल्चरमध्ये, आगंतुक म्हणून. आमच्या लॅबच्या नळाच्या पाण्यातूनही मी तो वाढवला आहे. पण शेजारची कंट्रोल प्लेट, म्हणजे रुग्णाचा नमुना न टाकलेली, स्वच्छ होती.

माती-पाण्यात मोकळे जगणारे अमीबा म्हटलं की हल्ली लोकांना केरळमधला मेंदूज्वर आठवतो. त्यात नाव ऐकू येतं ते नेग्लेरियाचं, नाकातून मेंदूत शिरणाऱ्या अमीबाचं. माझी नोकरी मात्र डोळ्यांत गेली. असा अमीबा पहिल्यांदा हलताना दिसला की अजूनही मी खुर्चीवरून उठते, शेजारच्याला हाक मारते. त्या दिवशी उठले आणि तशीच उभी राहिले. या माणसाचा पहिला रिपोर्ट दोन आठवड्यांपूर्वीच गेला होता: पस सेल्स (पुवातल्या पेशी) भरपूर, जिवाणू नाहीत, बुरशी नाही. खाली सही माझीच.

ग्रॅम स्टेनने रंगवलेली जुनी स्लाइड पेटीतून शोधून काढली. तेलाचा थेंब टाकला. थोडं सरकवताच दोन सिस्ट दिसल्या, म्हणजे कवचात बंद होऊन बसलेले अमीबा. दुहेरी भिंत, आतली कोनाकोनांची. एवढ्या ठळक, की चुकवण्यासाठी मेहनतच घ्यावी लागावी. मी त्यांना पस सेल म्हणून मोजलं होतं. सोबतच्या कागदावर ‘उसाचं पातं लागलं, बुरशी?’ असं लिहिलेलं होतं. मी बुरशीचे धागे शोधत बसले. धागे नव्हते, मग काहीच नव्हतं. अकँथअमीबा कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांना होतो हे पुस्तकातलं वाक्य डोक्यात असतंच. आपल्याकडे तो बहुतेक करून लेन्स कधी न पाहिलेल्यांच्या डोळ्यात सापडतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही.

डॉक्टरांना फोन केला, पहिली स्लाइड माझ्याकडून हुकली हेही सांगितलं. मग वॉर्डात गेले. मामा डोळ्यावर टॉवेल धरून भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“लई ठणकतंय मॅडम. कुणी तापलेली सुई फिरवतंय जणू.”

“पातं लागलं तेव्हा डोळा कशानं धुतलात मामा?”

“पाटाच्या पाण्यानं. रानात दुसरं काय असतंय?”

हे त्यांना तोवर कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही, लॅबवाली वॉर्डात कशाला जाईल?

बुरशीची औषधं थांबली. पीएचएमबी आणि क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकांचे थेंब सुरू झाले, दोन्ही 0.02 टक्के. सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा. मामींनी मोबाइलवर गजर लावले. पीएचएमबी पोहण्याच्या तलावातलं पाणी निर्जंतुक करायलाही वापरतात, हे सांगितल्यावर त्या हसल्या, “मग पाटातच ओता की थोडं.” थेंब महिनोन् महिने घालावे लागतात. अमीबा मरतो, सिस्ट मात्र दार लावून आत बसते आणि उपचार लवकर थांबवले की पुन्हा बाहेर येते. हे समजावलं तेव्हा मामांनी एवढंच विचारलं, “उसाला तोड कधी येईल तेवढं बघून सोडाल का?”

तोड त्यांच्याविना झाली. डोळा वाचला, पण मधोमध फूल पडलं. त्या डोळ्यानं बोटं मोजता येतात, तीही जवळून. पहिल्याच स्लाइडवर थेंब सुरू झाले असते तर किती दिसलं असतं, हे मामांनी कधी विचारलं नाही. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “थोडं जास्त.”

ती स्लाइड आता माझ्या खणात आहे. नवीन विद्यार्थी आले की काही न सांगता त्यांच्यापुढे ठेवते. बहुतेक जण ‘पस सेल्स भरपूर’ लिहून देतात.