बाळाचे इसब आणि बंद केलेले दूध

इसब झालेल्या तान्ह्या बाळाला घेऊन येणारे आईवडील खुर्चीत टेकण्याआधीच विचारतात, “डॉक्टर, ह्याला नेमकी कशाची ॲलर्जी आहे?” बाधणारा पदार्थ शोधून बंद केला की खाज थांबेल, असा त्यामागचा हिशेब असतो. इसबाचे मूळ ॲलर्जीतच असते का, असे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बहुतेक बाळांच्या बाबतीत हा हिशेब उलटा आहे.

लहानपणीच्या इसबात पहिला दोष बहुधा त्वचेच्या आवरणातच असतो. फिलॅग्रिन नावाचे प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट आणि ओलसर राखते. त्याच्या जनुकातील बिघाडाचा इसबाशी असलेला संबंध 2006 मध्ये स्पष्ट झाला. अशा कच्च्या आवरणातून ओलावा निघून जातो आणि धूळ किंवा घरातल्या अन्नाचे कण आत शिरतात; एखाद्या पदार्थाची ओळख पोटाआधी त्वचेतून झाली, तर शरीर त्याला शत्रू मानण्याचा संभव वाढतो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना, आधी तपासणी करून, पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, तेव्हा पाचव्या वर्षी त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी, तो टाळलेल्या मुलांच्या तुलनेत, सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली.

ॲलर्जीच्या रक्ततपासणीतला पॉझिटिव्ह आकडा शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे, एवढेच सांगतो. केवळ त्या कागदावरून दूध, अंडी, डाळी बंद झालेले मूल किडकिडीत होते आणि खाजवत राहते, हे मला सर्वांत खटकते. खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठ सुजणे, अंगावर पित्त उठणे, दम लागणे ही गोष्ट वेगळी. तिथे पथ्य हवेच. एरवी आंघोळीनंतर लगेच ओलावा टिकवणारे भरपूर मलम, आणि सूज असेल तेव्हा सांगितलेले स्टेरॉइड न घाबरता लावणे, ह्याने अधिक काम होते.

मोठ्यांच्या इसबात मात्र ॲलर्जी खरोखर मूळ कारण असू शकते: टिकलीचा डिंक, केसांचा कलप, निकेलचे दागिने. भारतात गेल्या शतकाच्या मध्यास पुण्यात प्रथम लक्षात आलेले गाजर गवत तर हात न लावताही, वाऱ्यावर उडणाऱ्या कणांमुळे, शेतकऱ्यांच्या पापण्या आणि मान सुजवते. ही ॲलर्जी रक्ताच्या त्या तपासणीत सापडत नाही. त्यासाठी संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवून पॅच टेस्ट करावी लागते. पट्ट्या दोन दिवसांनी काढतात, पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, आणि तोवर पाठ कोरडी ठेवायची असते. ऐन पावसाळ्यात शेतात राबणाऱ्या माणसाला हे पटवणे, हाच त्या तपासणीतला सर्वांत अवघड भाग आहे.