तहानलेला आत्मा आणि प्लेटो

दक्षिण इटलीत, आजच्या विबो वॅलेंतिया गावात, १९६९ मध्ये गुप्त पंथाची दीक्षा घेतलेल्या एका बाईच्या थडग्यात सोन्याचा छोटासा पातळ पत्रा सापडला, साधारण इ.स.पू. ४०० चा. त्यावर बारीक ग्रीक अक्षरांत मेल्यावर कुठे जायचं ते लिहिलंय. की खाली पोचल्यावर उजव्या हाताला झरा लागेल, शेजारी पांढरं सुरूचं झाड असेल, बाकीचे आत्मे तिथेच थांबतात, तू मात्र त्याच्या जवळही फिरकू नकोस, पुढे स्मृतीच्या तळ्याचं गार पाणी वाहतंय, राखणदार विचारतील तेव्हा सांग, मी धरतीचं आणि ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचं लेकरू आहे, तहानेने जीव चाललाय, पटकन पाणी द्या.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा गलबलून आलं मला. गेलेल्या माणसाच्या सोबत कोणीतरी वाटेचा पत्ता लिहून दिलाय.

आणि ह्याच काळात अथेन्समध्ये तत्त्वज्ञ प्लेटो तरुण होता. त्याचा 'मेनो' संवाद आठवा, शिकणं म्हणजे आत्म्याला आधीच माहीत असलेलं परत आठवणं, हा त्याचा फेमस सिद्धांत तिथे येतो. पण संवादात बोलणारा त्याचा गुरू सॉक्रेटिस तो स्वतःच्या नावावर सांगत नाही, म्हणतो की हे मी पुजारी-पुजारिणींकडून ऐकलंय! आणि लगेच एका गुलाम पोराला बोलावतो, जमिनीवर चौरस काढतो, आणि नुसते प्रश्न विचारत विचारत त्याच्याकडून दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढून घेतो. पोरगं आधी दोनदा चुकतं, मग कर्णावर चौरस काढायचा हे त्याला दिसतं. मला हा प्रसंग सगळ्या ग्रीक तत्त्वज्ञानात सगळ्यात सुंदर वाटतो, कारण दीक्षा घेतलेल्यांची स्मृती इथे भूमितीत उतरते, तीसुद्धा दीक्षा न देता.

अथेन्सपासून वीसेक किलोमीटरवर एल्युसिस, तिथल्या डिमिटर देवीच्या दीक्षाविधीत रात्री काय दाखवायचे ते बाहेर बोलायला सक्त बंदी, बोललं तर मृत्युदंड. 'फीड्रस' ह्या संवादात प्लेटो तेच शब्द उचलतो, आम्हाला दीक्षा मिळाली होती, शुद्ध प्रकाशात दर्शन घेतलं होतं, तेव्हा आम्ही ह्या शरीरात, शिंपल्यात कालव अडकावं तसे, अडकलो नव्हतो. फक्त इथे दर्शन देवीचं नाही, सौंदर्याचं.

म्हणून तो ह्या पंथांचा भक्त होता असं म्हणता येत नाही. 'रिपब्लिक' ह्या त्याच्या ग्रंथात श्रीमंतांच्या दारोदारी फिरून, ऑर्फियस ह्या पुराणातल्या गायक-कवीच्या नावावरच्या पोथ्या दाखवून पापं धुऊन देतो म्हणणाऱ्या भिक्षुकांवर तो चांगलाच चिडलाय. आणि मला तो राग पटतो. पैसे देऊन विधी करून घेतला की आत्मा शुद्ध, मग आयुष्यभर नीट विचार करायची मेहनत कशाला करायची?

पण त्याच 'रिपब्लिक'च्या शेवटी एका कथेत तो परत त्या पाण्याकडेच येतो. विस्मृतीच्या उजाड मैदानात एक नदी, तिचं पाणी कुठल्याच भांड्यात टिकत नाही, जन्म घ्यायच्या आधी प्रत्येक आत्म्याला थोडं प्यावंच लागतं, आणि ज्यांना विवेक वाचवत नाही ते जास्त पितात आणि सगळं विसरतात. एर नावाच्या सैनिकाला मात्र ते पिऊ देत नाहीत. लढाईत मेलेला तो बाराव्या दिवशी पहाटे चितेवरच डोळे उघडतो, आणि त्याला सगळं आठवत असतं.