‘खाडा’ म्हणजे काय?

डिसेंबरातला सोमवार, ओपीडी ऐन भरात, आणि फोनवर मेल आला. मनोविकारशास्त्राच्या एका जर्नलला दिवाळीत पाठवलेला माझा केस रिपोर्ट परत आला होता. नाकारला नव्हता, समीक्षकांकडे जायच्या आधीच मागे फिरवला होता. हरकती दोन. लिथियम या औषधाच्या तपासणीसाठी रक्त कोणत्या ट्यूबमध्ये घेतलं? आणि संमतीपत्रावर रुग्णाऐवजी पतीची सही का? उत्तराला मुदत 14 दिवस.

पहिली हरकत वाचून मी आधी वैतागले, मग चांगलीच घाबरले. हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा रक्त गोठू न देणारं लिथियम हेपारिन असतं. त्यात रक्त घेतलं तर यंत्र ट्यूबमधलंच लिथियम मोजतं आणि धडधाकट माणसालाही विषबाधा झाल्याचं दाखवतं. आम्ही लिथियमची पातळी साधारण 0.6 ते 1.0 ठेवतो, दीडच्या पुढे गेली की धाबं दणाणतं. आमच्या पेशंटची आली होती 2.4. अख्खा पेपर त्या एका आकड्यावर उभा. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये जाऊन फेब्रुवारीचं रजिस्टर काढलं. टेक्निशियनच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलं होतं, ‘लाल टोपण, प्लेन’, म्हणजे हेपारिन नसलेली. त्या माणसाला मी चहा पाजला. कशाबद्दल ते त्याला कळलं नाही.

आता केस. (हे सगळं तिला विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलूनच.) मराठवाड्यातून आमच्या भागात ऊसतोडीला आलेली चाळिशीची बाई. बायपोलर आजार (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा), कित्येक वर्षं लिथियमवर, उत्तम चाललेलं. फेब्रुवारीअखेरीस फडात उलट्या सुरू झाल्या, हात थरथरायला लागले, चालताना झोक जाऊ लागला, बोलणं जड झालं. मुकादम म्हणाला, प्यायलीय. कॅज्युअल्टीत नवऱ्याने पिशवी उपडी केली तेव्हा लिथियमच्या पाकिटाबरोबर टपरीवरून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पडल्या. डायक्लोफिनॅक. महिनाभर कंबरेसाठी रोज दोन-तीन. या जातीच्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं कमी होतं. त्यात उन्हात घाम गाळून शरीरातलं मीठ गेलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला बघतं आणि मिठासारखंच लिथियमही धरून ठेवतं. पुस्तकात हे सगळं आहे. लिथियम बंद केलं, सलाइन लावलं, आठवड्याभरात बाई स्वतःच्या पायांनी घरी गेली.

‘जगात पहिल्यांदाच’ असा आव आणण्यासारखं यात काही नव्हतंच. बढतीच्या गुणांतही केस रिपोर्ट धरत नाहीत, त्यामुळे विभागातल्या ज्येष्ठांनी ‘वेळ जात नाहीये का?’ असं विचारूनही झालं होतं. पण दुखणं अंगावर काढत काम करणाऱ्यांना लिथियम देताना आम्ही कंबरेबद्दल विचारतच नाही, एवढं मला लिहायचं होतं.

दुसऱ्या हरकतीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी आमच्या ज्युनिअरने जर्नलचा इंग्रजी फॉर्म पुढे केला आणि नवऱ्याने सही केली, कारण आमच्याकडे सगळ्याच कागदांवर नवरा सही करतो. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा मीच विद्यार्थ्यांना शिकवते. आजार आहे म्हणून निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही, हे वाक्य मी फळ्यावर लिहिते.

ती मंडळी त्या हंगामात पुन्हा त्याच कारखान्याला आलेली, हे नशीब. फॉर्म मराठीत केला आणि संध्याकाळी तळावर गेले. कोप्यांपुढे चुली पेटलेल्या. ती नुकतीच फडावरून आलेली, हाताला उसाच्या पानांचे चरे. मी म्हटलं, “ताई, तुमच्या आजाराबद्दल लिहिलंय. नाव-गाव काही नाही. ऐका, पटलं तर सही करा, नाही पटलं तर राहू दे.”

नावावरून आठवलं. 1949 मध्ये जॉन केड यांनी ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात उन्मादावर लिथियमचा उपयोग मांडला. त्यात त्यांचा पहिला रुग्ण ‘डब्ल्यू. बी.’ या आद्याक्षरांनी येतो. आज आद्याक्षरंही चालत नाहीत. तो डब्ल्यू. बी. पुढच्याच वर्षी लिथियमच्या विषबाधेने गेला. रक्तातली पातळी मोजायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती.

चुलीच्या उजेडात मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. इंग्रजीत जे सफाईदार वाटलं होतं ते तोंडाने सांगताना घशात अडकायला लागलं. ‘रुग्ण सूचना पाळत नव्हती’ या वाक्याला तिने भाकरी थापायची थांबवली.

“कुणी सांगितलं? गोळी म्या एक दिस बी चुकवली न्हाई.”

“लिथियम नाही हो, कंबरेच्या गोळ्या. त्या घ्यायच्या नव्हत्या.”

“त्या घिऊ नको आसं मला कोण म्हनलं व्हतं?”

तिची जुनी फाईल मी पाहिली होती. पाणी भरपूर प्या, रक्त तपासा, एवढंच होतं. वेदनाशामकांबद्दल एक अक्षर नाही.

“आन् घेतली नसती तर उठले असते का? खाडा पडला की पैसं कापत्यात, मॅडम. उचल फिटायची कशी? ते लिवलंय का?”

ते लिहिलं नव्हतं. उलट ओळख पटू नये म्हणून मी तिला ‘शेतमजूर’ केलं होतं. मोळ्या, कोयता, उचल सगळं पुसलेलं. मग ती गोळ्या का खात होती याला पेपरमध्ये कारणच उरलं नव्हतं, फक्त तिची चूक उरली होती. जिल्हा काढू, कारखाना काढू, वय थोडं धूसर करू, पण ऊसतोड राहू दे, असं आमच्यात ठरलं. मुकादमाला कळेल का, हे तिने दोनदा विचारलं. इंग्रजीत आहे, डॉक्टर लोक वाचतात, नाव नाही. तरी ज्यांना तिची गोष्ट माहीत आहे त्यांनी वाचलं तर ओळखतील, हेही मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हात पुसून, नवऱ्याकडे न बघता, पाटीवर काढावीत तशी अक्षरं काढत पूर्ण नाव लिहिलं.

रात्री ‘नॉन-कंप्लायंट’ (सूचना न पाळणारी) खोडलं. तिथे लिहिलं की वेदनाशामकांबाबत सूचना दिल्याची नोंद नाही, आणि गैरहजेरीला, तिच्याच शब्दात ‘खाड्या’ला, दंड असल्याने रुग्णाला विश्रांती घेता आली नाही. संपादकांना संमतीपत्राची चूक आमची होती असं सरळ कळवलं. पोर्टलवर चार फाइल चढवायला पाऊण तास लागला, दोनदा लॉगआउट झाले.

पुढे समीक्षकांच्या दोन फेऱ्या झाल्या. केस रिपोर्टचं ‘संपादकांना पत्र’ या छोट्या प्रकारात रूपांतर झालं, शब्द निम्म्यावर आले, तक्ता गेला. मार्चमध्ये प्रूफ आलं, त्यात कॉपी एडिटरची एकच शंका होती: ‘खाडा’ हा शब्द इंग्रजी शब्दकोशात सापडत नाही, पर्याय सुचवावा.

मी लिहिलं, पर्याय नाही, तसाच ठेवा, कंसात अर्थ देते.