प्रिंट शाबूत, स्क्रू गायब

मिरग लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोन वाजला. मी साइनबोर्ड बनवून लावणारा, आणि पलीकडे गोव्यातल्या मोरजीचे रेस्टॉरंटवाले भाई, एवढंच म्हणाले, "बोर्ड खाली आलाय, लगेच या." रात्रभर वारा घोंघावत होता, आमच्या म्हापशात पण गल्लीत झावळं पडलेली, त्यामुळे पोटात गोळाच आला. हेल्पर पोराला उठवलं, वेल्डर मामांना करासवाड्यावरून गाडीत घेतलं, आणि शिवोलीहून चोपड्याचा पूल ओलांडून सातच्या आत पोचलो.

बोर्ड १६ बाय ४ चा. एसीपीच्या (दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये प्लास्टिक) दोन शीट शेजारी शेजारी, वर थ्रीडी ॲक्रिलिक अक्षरं, आत एलईडी, बाजूच्या पट्टीवर मेन्यूतल्या फोटोंची विनाइल प्रिंट. तीन वर्षांपूर्वी मीच लावलेला. डावी शीट फ्रेमच्या तुकड्यासकट खाली आली होती आणि उजवी वायरवर लोंबकळत होती. डावी शीट जिथे पडली तिथे एक लाकडी बाक आहे, भाईंचे वडील रोज सकाळी त्याच बाकावर चहा घेऊन पेपर वाचत बसतात. बाकाची पाठ मोडून पडली होती. रात्री तीनच्या सुमारास आवाज आला, भाई म्हणाले. मी त्या बाकाकडे बघत राहिलो, पाच मिनिटं कुणाशीच बोलता आलं नाही.

पोरगा तेवढ्यात शिडी लावून वर चढला आणि लोंबकळणाऱ्या फ्रेमला हात लावला, आणि "शॉक!" म्हणून ओरडत खाली आला. आधी मेन बंद करायचं एवढं साधं मी विसरलो होतो. टेस्टर लावला तर फ्रेमवर कुठेही तो पेटत होता. मेन पाडून बघितलं तर अर्थिंगच्या वायरची टोकाची थिंबल गंजून तुटून पडलेली. एसएमपीएसला, म्हणजे एलईडीला करंट देणाऱ्या डब्याला, अर्थिंग नसेल तर त्याच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो आणि बॉडी फ्रेमला स्क्रूने धरलेली, म्हणजे अख्खा बोर्ड झिणझिणतो. नुसत्या तेवढ्या करंटने सहसा जीव जात नाही, पण ओल्या पायांनी शिडीवर उभा असलेला माणूस तोल जाऊन पडतो. त्यात आतल्या जोडांवर पाणी शिरलेलं असेल तर गोष्ट आणखी वेगळी. म्हणून आता आमच्याकडे नियम आहे, बोर्डाला कुणीही हात लावायच्या आधी मेन बंद, मग टेस्टर, मग शिडी.

आता मुख्य गोष्ट. ती मेन्यूची प्रिंट! खाली चिखलात पडलेली शीट पाण्याने धुतली तर फोटो काल काढल्यासारखे. पॉलिमेरिक विनाइल, इको सॉल्व्हंट शाई, प्रिंट एक दिवस उघडी वाळवून मग यूव्ही लॅमिनेशन, सगळं नीट केलं होतं. पिवळा आणि मॅजेंटा उन्हात आधी उडतात, तेसुद्धा जागच्या जागी होते. तीन पावसाळे काढलेली प्रिंट शाबूत, आणि ती धरून ठेवणारे स्क्रू गायब. आम्ही साइनवाले दिवसभर काय बोलतो तर मशीन कुठलं, हेड कुठलं, शाई कुठली, रोल किती मायक्रॉनचा. कस्टमरही तेच विचारतो. स्क्रू कुठला हे मला आजवर एकाही कस्टमरने विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं, दुकानात जो मिळेल तो झिंक प्लेटिंगचा सेल्फ ड्रिलिंग.

त्यातला एक स्क्रू मी चिमटीत धरला. डोकं गोल, व्यवस्थित, वर आम्ही मारलेला पांढरा रंगसुद्धा तसाच. पण डोक्याखालची मान झिजून उदबत्तीच्या काडीएवढी झालेली, बोटांनी दाबली तर भुगा झाला. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचा मार्गच नाही, कारण दिसतं ते डोकं आणि गंजते ती मान. किनाऱ्यावर हवेतच मीठ असतं, ते शीटच्या मागे जाऊन बसतं. पावसाने पुढची बाजू धुतली जाते, मागची कधीच नाही.

मग मामांनी फ्रेमवर हातोडी मारली. चांगला पाईप टणटण वाजतो, हा बद्द वाजला. खालच्या आडव्या पाईपला ड्रिलने भोक पाडलं तर आतून तांबडं घाण पाणी यायला लागलं, मिनिटभर तरी वाहत होतं. एक इंची लोखंडी चौकोनी पाईप, बाहेरून रेड ऑक्साइड आणि दोन हात ऑइल पेंट, पण टोकं उघडी ठेवलेली. पाणी आत गेलं आणि बाहेर यायला जागाच नाही. मामा म्हणाले, "पाईप आतून कुजतो रे, आपण बाहेरून रंगवत बसतो." जीआय, म्हणजे झिंकचा थर दिलेला पाईप घेतला तरी वेल्डिंगच्या जागी झिंक जळून जातं आणि गंज बरोबर तिथूनच सुरू होतो, हे मामांना पक्कं ठाऊक होतं, तीन वर्षांपूर्वी मी विचारलं नाही.

तिसरी चूक भिंतीत होती. आपल्याकडच्या जुन्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा सच्छिद्र, मऊ, आणि आम्ही त्यात काँक्रिटमध्ये मारतो तसेच फुगणारे अँकर बोल्ट मारलेले. बोल्ट फुगला की चिरा आतून भुसभुशीत होतो. चारपैकी दोन बोल्ट हाताने बाहेर आले, भोकातून लाल भुकटी गळत होती.

वाऱ्याचा हिशोब तिथेच बसून कागदावर केला. १६ बाय ४ म्हणजे ६४ स्क्वेअर फूट, साधारण ६ चौरस मीटर. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला तर एवढ्या अंगावर १०० किलोच्या आसपास जोर येतो, आणि वेग वाढला की जोर वर्गात वाढतो, ताशी १०० ला तोच जोर पावणेतीनशे किलोच्या पुढे. ४ मिलिमीटरच्या दोन शीटचं वजन जेमतेम ३३ किलो, आणि आम्ही फिटिंग करताना फक्त तेवढंच डोक्यात धरलेलं.

नवीन बोर्ड आठ दिवसांनी उभा केला, माझ्या खर्चाने, भाई नको म्हणत होते तरी. यावेळी फ्रेम ॲल्युमिनियम सेक्शनची, कुठेही वेल्डिंग नाही, सगळे जोड नट-बोल्टचे. ॲल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या एक तृतीयांश, पण वाकतं तिप्पट सहज, म्हणून सेक्शन जाड आणि मोठा घ्यावा लागतो. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, ३१६ ग्रेडचे. ३०४ ला खाऱ्या हवेत चहासारखे डाग पडतात आणि पुढे खड्डे, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते जास्त टिकतं. दिसायला दोन्ही सारखे, लोहचुंबकानेही फरक कळत नाही, त्यामुळे बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का बघायचा, ए२ म्हणजे ३०४ च्या गटातला, ए४ म्हणजे ३१६ चा. दुकानदार नुसतं "एसएस आहे" म्हणाला तर घेऊ नका. प्रत्येक बोल्टखाली रबर वॉशर, कारण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. चिऱ्याच्या भिंतीतून बोल्ट आरपार काढून आतल्या बाजूला पट्टी लावली, जिथे आरपार जमलं नाही तिथे जाळीच्या नळीत केमिकल अँकर, म्हणजे बोल्ट फुगवून नाही तर चिकट रसायनाने धरलेला.

सिलिकॉनचं वेगळं सांगतो कारण हे आमच्या लाइनमधल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं, काचेला चालतं, धातूला नाही. बोर्डाला न्यूट्रल क्युअरचंच, म्हणजे ॲसिड न सोडणारं घ्या. आणि ॲक्रिलिकला भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडा, ॲक्रिलिक उन्हात ॲल्युमिनियमच्या तिप्पट फुगतं, ८ फुटांच्या पट्टीत ३० डिग्रीच्या फरकाला ५ मिलिमीटर सहज, घट्ट पिळलेल्या स्क्रूपाशी ते तडकणारच.

लाइटचं म्हणाल तर एसएमपीएस आता बोर्डामागे ठेवतच नाही, भिंतीच्या आत कोरड्या जागी, लोड ८० टक्क्यांच्या वर नाही. जुन्या जोडांवरची काळी टेप सोडली तर तांब्यावर हिरवा थर आणि आत मुंग्यांचं घर. आता जेल भरलेले कनेक्टर आणि वायरला खाली एक झोल, म्हणजे पाणी झोलावरून टपकतं, आत जात नाही. भाईंना मागच्या बाजूलाही एक लाइटचा बोर्ड हवा होता, समुद्राकडे तोंड करून. त्याला मी सरळ नाही म्हटलं. मोरजीला कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं उजेडाच्या दिशेने चालायला लागतात आणि पाण्याऐवजी रस्त्याकडे जातात. भाईंनी ऐकलं, तिथे साधा रंगवलेला लाकडी फलक लावला.

ज्या दिवशी बोर्ड पडला त्या रात्री घरी आल्यावर मी जुनी बिलबुकं काढून बसलो. मांद्रे, आश्वे, हरमल, कळंगुट, बागा, किनाऱ्यापासून जवळचे आणि त्याच स्क्रूने लावलेले बोर्ड शोधले. २३ निघाले. दुसऱ्या दिवसापासून एकेकाला फोन करतोय की चेक करायला येतो, पैसे नकोत, फक्त बोर्डाखाली तोवर कुणाला बसू देऊ नका, गाडी लावू नका. काही जण म्हणतात बोर्ड तर एकदम मस्त दिसतोय. तिथे गेल्यावर मी तसाच एक स्क्रू खिशातून काढून दाखवतो. आतापर्यंत नऊ उघडून झाले, चार ठिकाणी पाईपमधून तांबडं पाणी आलं. उद्या हरमलचा आहे, पाऊस उघडला तर.